तान्ह्या बाळाचं नाक चोंदलं तर: आधी थेंब, मग थांबणं, मग उपसणं, शेवटी पाजणं

दिवाळी सरली की सातारा-सांगलीकडे पहाटेचा गारठा वाढतो, कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो, तोडणी झालेल्या फडात पाचट पेटतं, आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: "लेकराचं नाक चोंदलंय, धड पीत नाही, रात्रभर घरघर चाललीय." मग मेडिकलमधून थेंब येतात, नाक ओढायचा रबरी फुगा येतो. दोन दिवस खटपट होते आणि "त्यानं काही फरक पडत नाही" म्हणून ते सामान कपाटात जातं. त्याच्या जागी नाकात तेल, छातीला कापूर, नाहीतर शेजारच्या पोराचं उरलेलं सिरप येतं.

फरक पडत नाही, कारण बहुतेक घरांत क्रम चुकलेला असतो. थेंब पडले न पडले तोच नाक ओढलं जातं. बाळ पोटभर प्यायल्यावर नाक साफ करायला घेतात आणि प्यायलेलं सगळं बाहेर येतं. कोरड्या नाकात फुगा खुपसला जातो, आतली नाजूक त्वचा सुजते आणि नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं. कधी कधी थेंबच भलते आणलेले असतात.

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं. तोंडात स्तन किंवा बाटली असताना नाक बंद असेल तर त्याला पिणं सोडून श्वास घ्यावा लागतो. म्हणून चोंदलेलं नाक ही तान्ह्या बाळासाठी आधी पोटाची अडचण असते आणि मग झोपेची. खालचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती लावलेला आहे: बाळाला पोटभर पिता यावं.

१. आधी श्वास मोजा, मग नाकाकडे वळा

नाक चोंदणं वेगळं आणि श्वास लागणं वेगळं. बाहेरून दोन्हीचा आवाज सारखाच वाटतो, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, छाती आणि पोट नीट दिसू द्या. पोट वर आलं की एक, पुन्हा वर आलं की दोन. मोबाइलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही; मध्येच भरभर, मध्येच संथ होतो.

श्वास वेगाचा कधी समजायचा:
– २ महिन्यांच्या आतलं बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त
– २ महिने पूर्ण ते १२ महिने: ५० किंवा जास्त
– १ ते ५ वर्षं: ४० किंवा जास्त

आकडा जास्त आला आणि बाळ नुकतंच रडलेलं असेल, तर शांत झाल्यावर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर थेंब, फुगा सगळं बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

आकड्याबरोबर हेही बघा. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय का? नाकपुड्या फुलताहेत का? प्रत्येक श्वासाला बाळ कण्हतंय का? ओठ किंवा जीभ निळसर दिसतेय का? यातलं एकही दिसलं तर हा नाकाचा प्रश्न राहिलेला नाही.

⚠ थांबा: बाळ ३ महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर सर्दी साधी वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अंगाला हात लावून ठरवू नका, काखेत थर्मामीटर लावा.

श्वास मोजायचा सराव बाळ बरं असतानाच करून ठेवा. बाळंतपणानंतर पहिले ४२ दिवस आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांना सांगा, "ताई, मी मोजते, तुम्ही बघा बरोबर येतंय का." एकदा त्यांच्यासमोर जमलं की मध्यरात्री हात थरथरत नाही.

आणखी एक. पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच बाळांचं नाक सर्दी नसतानाही सूं-सूं वाजतं. बाळ नीट पितंय, नीट झोपतंय, श्वास मोजल्यावर ठीक येतोय, तर काहीही करू नका. अशा नाकाशी केलेली खटपटच पुढे ते सुजवते.

२. सामान जमवा, आणि थेंबांचं लेबल वाचून घ्या

सामान थोडंच लागतं: मिठाच्या पाण्याचे थेंब, नाक उपसायचा फुगा, दोन मऊ धुतलेले सुती रुमाल, वाटीत कोमट पाणी आणि एक दुपटं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो थेंबांत. मेडिकलमध्ये "बाळाच्या नाकाचे थेंब द्या" एवढंच म्हटलं तर दोन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही हातात पडू शकते. बाटल्या सारख्या, आकार सारखा, पुष्कळदा खोक्यावर हसरं बाळसुद्धा सारखंच.

पहिला प्रकार नुसत्या मिठाच्या पाण्याचा. लेबलवर सोडियम क्लोराइड असतं, प्रमाण ०.६५ किंवा ०.९ टक्के. आपल्याला हाच हवा. यात औषध नाही. वाळलेला शेंबूड भिजवणं एवढंच त्याचं काम.

दुसरा प्रकार औषधी थेंबांचा. लेबलवर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेलं असतं. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, त्यामुळे दोन मिनिटांत नाक मोकळं होतं आणि घरच्यांना ते फार आवडतात. पण लहान बाळाच्या शरीरात ते शोषले गेले तर बाळाला गुंगी येऊ शकते, हृदयाचे ठोके मंदावू शकतात. सलग काही दिवस वापरून थांबवलं की नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं. डॉक्टरांनी त्याच बाळासाठी, थेंब आणि दिवस ठरवून लिहून दिले नसतील तर हे घरात आणूच नका. मोठ्या माणसाच्या नाकाचे थेंब बाळाला "अर्धाच थेंब" म्हणूनही टाकायचे नाहीत.

तपासा: लेबल बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असतं. मेडिकलवाल्यालाच घटकाचं नाव मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. "सोडियम क्लोराइड" याखेरीज आणखी काही ऐकू आलं तर बाटली परत करा.

मिठाचं पाणी घरी करू नका. चमचाभर म्हणजे किती, यात घरोघरी फरक. मीठ जास्त झालं की नाक झोंबतं, बाळ किंचाळतं आणि पुढच्या वेळी बाटली बघूनच तोंड फिरवतं. पाणी नीट उकळलं गेलं का, हा प्रश्न वेगळाच. तयार बाटली फार महाग नसते. उघडली त्या दिवशी तारीख तिच्यावर लिहा आणि लेबलवर दिलेली मुदत संपली की टाकून द्या. दोन भावंडांना एकच बाटली वापरू नका.

फुग्याचं म्हणाल, तर टोक मऊ आणि रुंद असलेला घ्या. टोक इतकं रुंद हवं की ते नाकपुडीच्या तोंडाशीच अडकेल, आत शिरणार नाही. आईनं तोंडानं ओढायची नळी असलेलं साधनही मिळतं, ते चांगलं चालतं, पण मधला फिल्टर असल्याशिवाय वापरू नका. विजेवर चालणारं असेल तर ते सगळ्यात कमी वेगावर ठेवा.

३. वेळ ठरवा: पाजण्याच्या पाव तास आधी

बाळ भुकेनं चुळबुळ करायला लागलं, मूठ तोंडात घालायला लागलं की ती वेळ. पाजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं हाताशी असावीत. भुकेनं रडून लाल झालेल्या बाळाचं नाक साफ होत नाही, म्हणून अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबू नका.

नुकतंच प्यायलेलं असेल तर नाकाला हात लावू नका. ओढण्यानं आणि रडण्यानं उलटी होते, आणि ते दूध श्वासनलिकेकडे जाण्याची भीती असते. पुढच्या पाजण्यापर्यंत बाळाला खांद्यावर उभं धरा.

दिवसातून तीन-चार वेळांहून जास्त उपसू नका. त्यातली एक वेळ रात्रीच्या मोठ्या झोपेआधीची ठेवा. थेंब मात्र उपसण्याशिवायही टाकता येतात. पुष्कळ बाळं थेंब पडल्यावर शिंकतात आणि काम तिथंच होतं.

४. बाळ धरा

हे दोघांचं काम आहे. घरात दुसरं कोणी नसेल तर बाळाला दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळा, म्हणजे मूठ बाटलीवर येणार नाही. छाती आवळू नका, श्वासाला जागा राहू द्या.

साबणानं हात धुवा. बाटली मुठीत धरून अंगाच्या उबेवर येऊ द्या. थंड थेंबानंच बाळ जास्त दचकतं. गॅसवर, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली तापवायची नाही.

मांडीवर उताणं घ्या, डोकं गुडघ्याकडे, पाय तुमच्या पोटाशी. मान किंचित मागे झुकेल इतकंच. लटकवू नका. दुसऱ्या माणसानं दोन्ही तळहात कानांच्या बाजूंना ठेवून डोकं स्थिर धरावं. जोर लावायचा नाही, फक्त डोकं वळू द्यायचं नाही. आईनं बोलत राहावं. बाळाला आवाज ओळखीचा लागतो.

५. थेंब टाका

बाटलीचं टोक नाकपुडीला न टेकवता वरून सोडा. तान्ह्या बाळाला प्रत्येक नाकपुडीत एक ते दोन थेंब, वर्षावरच्या मुलाला दोन ते तीन. पिचकारी मारल्यासारखं दाबू नका. पाणी घशात उतरतं आणि बाळ ठसकतं. टोक चुकून नाकाला लागलं तर ते स्वच्छ पुसूनच झाकण लावा.

बाळ रडेल. थोडं रडणं चालतं. पण ठसका लागला, तोंडात फेस आला तर लगेच कुशीवर वळवा, तोंड पुसा आणि शांत झाल्यावरच पुढे जा.

६. थांबा

हीच ती पायरी जी जवळपास प्रत्येक घरात वगळली जाते. थेंब टाकल्यावर निदान अर्धा ते एक मिनिट बाळाला तसंच राहू द्या. मेकूड वाळून खडा झाला असेल तर दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा एक थेंब टाका. भाकरीच्या परातीला चिकटलेलं पीठ भिजू दिलं की हातानं निघतं, कोरडं खरवडलं की परातीला ओरखडे पडतात. इथंही तसंच आहे, फक्त ओरखडा नाकाच्या आत पडतो आणि दिसत नाही.

एवढ्यात बाळ शिंकलं तर शेंबूड स्वतःच बाहेर येईल. रुमाल ओला करून टिपा, पुसून घासू नका. नाकाच्या तोंडाशी दिसणारा मेकूड ओल्या रुमालाच्या कोपऱ्यानं निघतो.

⚠ थांबा: कानातले बड्स, काडीला गुंडाळलेला कापूस, नखं, पिळलेली कापडी वात, यातलं काहीही नाकात घालू नका. बाळ एकदा झटकन मान फिरवतं आणि रक्त येतं.

आता श्वासाचा आवाज ऐका. मोकळा वाटत असेल तर सातवी पायरी गाळून सरळ पाजायला घ्या. उपसलंच पाहिजे असं काही नाही.

७. उपसा: दाबून मग टेकवा, टेकवून मग दाबू नका

फुगा नाकापासून लांब असतानाच पूर्ण दाबा, हवा बाहेर काढा. दाबलेल्या अवस्थेतच टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवा, आत खोल नाही. दुसरी नाकपुडी बोटानं हलकेच झाका. आता दाब सावकाश सोडा. फुगा फुलताना शेंबूड आत ओढला जातो. टोक बाहेर काढा, फुगा रुमालावर दाबून रिकामा करा, टोक पुसा, मग दुसरी नाकपुडी.

फुगा नाकाला लावून मग दाबला तर आतली हवा नाकात जोरात जाते आणि शेंबूड आणखी मागे ढकलला जातो. "उपसलं पण काही आलंच नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

एका नाकपुडीला एका वेळी दोनदा ओढलं की पुरे. नाही आलं तर नाही आलं. पुढच्या पाजण्याआधी पुन्हा थेंबांपासून सुरुवात करा. रक्ताचा अंश दिसला तर त्या दिवसापुरतं उपसणं बंद, फक्त थेंब चालू ठेवा. रक्त थांबत नसेल तर दाखवा.

काही घरांत आई किंवा आजी स्वतःच्या तोंडानं बाळाचं नाक ओढते, कोणी नाकात फुंकर मारते. फुंकरीनं शेंबूड मागे जातो आणि तोंडातले जंतू थेट बाळापर्यंत पोचतात. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

८. लगेच पाजा

उपसून झाल्यावर बाळाला खांद्यावर घ्या, रडू ओसरू द्या आणि पाजा. नाक मोकळं असण्याची हीच वेळ असते. दुसरं काम काढून ती घालवू नका.

सर्दीत बाळ एका दमात पीत नाही. थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. अंगावर पाजताना बाळाला जरा उभं धरा, डोकं पोटापेक्षा वर. मधे श्वासासाठी सोडलं तर सोडू द्या, पुन्हा लावा. अंगावरचं दूध बंद करू नका. "आईनं थंड खाल्लं म्हणून दुधातून सर्दी उतरली" हे खरं नाही. वरचं दूध घेणाऱ्या बाळाच्या बाटलीचं छिद्र मोठं करू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वेगळं पाणी, काढा, ओव्याचं पाणी नको.

तपासा: लंगोट मोजा. पहिला आठवडा ओलांडलेल्या बाळाचे दिवसात साधारण सहा तरी लंगोट ओले होतात. नेहमीच्या निम्म्यावर आले, तोंड कोरडं दिसलं, रडताना डोळ्यांत पाणी येईना किंवा टाळू खोल गेली, तर पोटात पुरेसं जात नाहीये. त्याच दिवशी दाखवा.

९. सामान धुवा

फुग्यात कोमट साबणाचं पाणी ओढा, जोरात हलवा, बाहेर काढा. मग साध्या पाण्यानं दोन-तीनदा तसंच. टोक खाली करून वाळत ठेवा. ओला फुगा डब्यात बंद केला की आत बुरशी धरते आणि बाहेरून कळत नाही. आतून काळे ठिपके दिसले किंवा वास आला तर फेकून द्या. फुगा एका बाळाचा एकच. जावेच्या बाळाला उसना द्यायचा नाही.

रात्र आणि खोलीची हवा

रात्री नाक जास्त चोंदतं, म्हणून घरोघरी उशी येते. बाळाला उशी नको, गादीखाली चादरीची घडीही नको. मान छातीवर दुमडली की श्वासाची वाट आणखी अरुंद होते. साडीच्या झोळीत हेच होतं. सर्दीच्या दिवसांत झोळी बाजूला ठेवा, सपाट घट्ट अंथरुणावर उताणं झोपवा. जागं असताना हवं तेवढा वेळ उभं धरा.

कुंची, टोपडं, स्वेटर, वर दुलई असं गुंडाळलेलं बाळ गरमीनं बेजार होतं. तुम्हाला जेवढं लागतं त्यापेक्षा एक पदर जास्त, एवढं पुरे. झोपताना कुंची काढा, तोंडावर कापड घेऊ नका.

आता धूर. याबाबतीत आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. न्हाऊ घातल्यावर ओवा, वेखंड, लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देतात. धुरानं नाकाची आतली त्वचा सुजते आणि चोंदणं वाढतं. कोळशाची शेगडी दार लावलेल्या बाळंतिणीच्या खोलीत ठेवणं तर जिवावरचं आहे. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि आई-बाळ दोघं झोपेतच बेशुद्ध होऊ शकतात. शेक हवाच असेल तर दुसऱ्या खोलीत कापड गरम करा, स्वतःच्या गालाला लावून बघा, मग बाळाला.

मिश्री भाजणं, डासांची अगरबत्ती, बिडी, चुलीचा धूर, हे बाळाच्या खोलीपासून लांब राहू द्या. शेजारच्या फडात पाचट पेटलं असेल तर त्या बाजूच्या खिडक्या लावा, धूर ओसरल्यावर उघडा. हळदीला पॉलिश चालू असलेल्या खळ्यावर किंवा चटणी कांडपाच्या गिरणीत तान्ह्याला घेऊन जाऊ नका. मळ्यात घर असेल तर हे सगळं टाळता येत नाही, मान्य. निदान बाळ झोपतं ती खोली तरी राखा.

वाफ देऊ नका. बाळाला पातेल्यावर धरणं, पांघरुणाखाली वाफ देणं यात पातेलं कलंडून भाजण्याचा धोका मोठा आहे आणि नाक मोकळं होण्याचा फायदा फारसा नाही.

नाकात तेल, छातीला कापूर: आज्जीला कसं सांगायचं

हे उपाय मायेपोटी येतात, त्यामुळे वाद घालून उपयोग होत नाही. पण इथं मोकळेपणानं नाही म्हणावंच लागतं.

तेल किंवा तूप नाकात टाकू नका, मोहरीचं नको, खोबरेलही नको. तेलाचा थेंब नाकातून खाली सरकून फुफ्फुसात जाऊ शकतो. तिथं तो विरघळत नाही आणि न्यूमोनियासारखी सूज आणतो. "आज्जी, टाळूला तेल भरा, अंगाला लावा, पण नाकात आणि कानात थेंबभरही नको," असं म्हटलं की त्यांचा हातही राहतो आणि बाळही.

कापूर बाळाच्या आसपास नको. गळ्यात पोटली नको, तेलात कालवून छातीला नको. कापूर पोटात गेला तर थोड्या वेळात फिट येऊ शकते, आणि रांगणारं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. निलगिरीचं तेलही तसंच धोक्याचं. छातीला चोळायचे वासाचे बाम २ वर्षांखालच्या मुलाला लावू नका आणि कोणत्याही वयात नाकपुडीत लावू नका. ओव्याची पोटली फार मनात असेल तर ती कापराशिवाय करा, बाळापासून हातभर लांब ठेवा, गरम असताना अंगाला लावू नका. तिच्यानं नाक मोकळं होईल असं मी म्हणणार नाही. फक्त लांब असेल तर अपाय नाही.

एक वर्षाच्या आत मध चाटवू नका, गुटीतूनही नको. मधातून येणाऱ्या एका जंतूमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो.

सिरपच्या बाटल्या

सर्दी-खोकल्याची सिरपं नाक मोकळं करत नाहीत आणि लहान मुलांना अपाय करू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सूचना काढली की २ वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत किंवा देऊ नयेत, आणि ५ वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. त्याच सुमारास मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या सिरपनं मुलं दगावली होती. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन या सर्दीच्या सिरपांतल्या दोन औषधांचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना वापरू नये, असं लेबलवर छापायला सांगितलं आहे. मागच्या हिवाळ्यातली उरलेली बाटली घरात असेल तर आजच काढून टाका.

तापाचं पॅरासिटामॉल वेगळं, ते डॉक्टरांनी वजनावर ठरवलेल्या मापानंच द्या. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांत औषधाचं प्रमाण फार वेगळं असतं. थेंबांचं औषध पुष्कळ कडक असतं. एकाचं माप दुसऱ्याला लावू नका.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नका. साध्या सर्दीतही तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी तसा होतो.

दीड-दोन वर्षांपुढची मुलं

इथं क्रम तोच, फक्त फुग्याची गरज कमी होत जाते. थेंब टाका, मिनिटभर थांबा, मग शिंकरायला लावा. शिंकरणं शिकवावं लागतं आणि ते सर्दी नसताना शिकवायचं. तोंड बंद ठेवून नाकातून फुंकून टेबलावरचा कागदाचा कपटा हलवायचा खेळ खेळा. जमायला लागलं की एक नाकपुडी बोटानं बंद, दुसरीनं हळू शिंकर. दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून जोरात शिंकरलं तर दाब कानाकडे जातो.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, दुसरी स्वच्छ असेल, तर ती सर्दी नाही असं धरून चाला. आत शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, मणी काहीतरी अडकलं असण्याची दाट शक्यता आहे. घरी चिमट्यानं काढायला जाऊ नका, वस्तू आणखी आत सरकते. खेळण्यातली किंवा घड्याळातली चपटी गोल बॅटरी नाकात गेल्याचा संशय असेल तर थेंबही टाकू नका. ओलाव्यानं ती आतलं मांस लवकर जाळते. ताबडतोब कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या.

मूल सर्दी नसतानाही महिनोन् महिने तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर नाकामागच्या ग्रंथी वाढल्या आहेत का, हे तपासून घ्या.

किती दिवस वाट पाहायची, आणि कधी नाही

साधी सर्दी सात ते दहा दिवसांत उतरते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. दहा दिवसांनंतरही नाक तसंच असेल, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला असेल, तर दाखवा. कान ओढत रडणं, तीन दिवसांहून जास्त ताप, यातही दाखवा.

न थांबता निघायचं ते असं: श्वास पहिल्या पायरीतल्या आकड्याइतका किंवा जास्त, बरगड्यांखाली खड्डे, कण्हणं, ओठ निळसर, पिणं पूर्ण सोडलं, उठवूनही मूल नीट जागं होत नाही, फिट आली, श्वास मध्येच थांबतोय. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचं पिणं निम्म्यावर आलं तरी हेच लागू.

१०८ ला फोन करा. एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी १०२ ची गाडीही मिळते, आणि या वयाच्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथवर पोचायला वेळ लागणार असेल तर आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर, कोयनेच्या खोऱ्यात किंवा महाबळेश्वरच्या घाटाकडच्या गावांत राहणाऱ्यांनी संध्याकाळी पाच वाजताच एकदा श्वास मोजावा. आकडा काठावर असेल तर अंधार पडायच्या आत निघावं.

वाटेत बाळाला उभं धरा, तोंडावर कापड घेऊ नका. दम लागलेल्या बाळाला पाजू नका. सोबत थेंबांची बाटली, दिलेली सगळी औषधं, लसीकरणाचं कार्ड घ्या. डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून ठेवा: मोजलेले श्वास आणि वेळ, ताप किती आणि केव्हापासून, शेवटचं कधी प्यायलं, दिवसभरात किती लंगोट ओले झाले, आणि नाकात किंवा तोंडात घरी काय काय घातलं. तेल, कापूर, मध, कोणाचं सिरप, जे दिलं असेल ते सांगा. कोणी रागावेल म्हणून लपवू नका, त्यावर उपचार ठरतात.